तिसरा हात

रेणुका वाघधरे जानेवारीतल्या एका सकाळी दोन मोठ्या पेट्या घेऊन फाटकाशी उभी राहिली, तेव्हा उदय कोतवडेकरांनी तिला लगेच ओळखलं. ओळख दाखवायला मात्र त्यांना जरा वेळ लागला. सहा वर्षांपूर्वी हीच मुलगी सड्यावर, तापलेल्या कातळावर गुडघे टेकून बसली होती आणि कोणी काहीही विचारलं तरी एकच उत्तर देत होती, "वारा मी मोजला होता."

"काका, मी रेणुका. रॉकेट क्लबची."

"माहीत आहे. ये ना आत."

तिला सोडून तिची गाडी आपली आपणच फणसाच्या सावलीत जाऊन थांबली. ड्रायव्हर नव्हताच. पेट्या दोघांनी मिळून मागच्या पडवीत आणल्या. रेणुका आता तिशीला आली होती. चालताना मान किंचित खाली घालायची सवय कॉलेजात असताना तिला नव्हती.

पडवीतल्या कपाटावर उदयच्या बायकोचा, शर्मिलाचा फोटो होता. रेणुका त्याच्यासमोर थांबली.

"मला गेल्या महिन्यात कळलं. नाहीतर आधीच आले असते."

"तीन वर्षं झाली. लेप्टोचा ताप. पाच दिवसांत आटोपलं सगळं."

मग रेणुकाने येण्याचं कारण सांगितलं. पुण्याच्या ज्या कंपनीत ती काम करत होती, ती मॉडेल रॉकेटचे फोमचे भाग लिंपणारं यंत्र बनवत होती. आता शाळाशाळांतून रॉकेटं उडत होती, मागणी अफाट होती. पण यंत्राने लिंपलेल्या दहा टोकांतलं एक तरी रंग मारताच आतून बसायचं.

"आणि शर्मिलाकाकूंचं एकही टोक कधी बसलं नाही," ती म्हणाली. "काका, मला त्यांचा हात हवाय."

"हात म्हणजे?"

"सांगते. त्यांनी केलेलं काही शिल्लक आहे का घरात?"

*

शिल्लक बरंच होतं. उदयचं स्वतःचं आयुष्य गाड्या रंगवण्यात गेलेलं. नाक्यावर त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. शर्मिला थर्मोकोलची मखरं करायची. गणपतीच्या आधी तीन महिने घरभर पांढरा भुसा उडायचा, भातातसुद्धा सापडायचा. मग थर्मोकोलवर बंदी आली आणि ती रिकामी झाली. त्याच सुमाराला जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं विचारत आली, की काकू, निळ्या फोममधून रॉकेटचं टोक आणि पंख कापून द्याल का? तापलेल्या तारेने फोम कापणं तिच्या डाव्या हातचा मळ होता. अवघड होतं ते पुढचं.

फोम म्हणजे नुसते बुडबुडे. त्याच्यावर गाडीचा रंग मारला, की रंगातला थिनर त्याला पाण्यात साखर विरघळावी तसा विरघळवतो. म्हणून आधी तो लिंपायचा. पांढरा गोंद पाण्यात पातळ करायचा, त्यात शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची पूड कालवायची आणि मऊ ब्रशने एक हात द्यायचा. दिवसभर सुकू द्यायचा, पॉलिश पेपरने घासायचा, मग दुसरा हात. असे चार हात. मग कुठे टाचणीएवढं भोक राहिलंच तर त्यात लांबी, म्हणजे पुट्टी भरायची, वर पाण्यात कालवलेल्या प्रायमरचं अस्तर, आणि त्यानंतर उदयचा स्प्रे. भोक राहून गेलं तर थिनर तिथून आत शिरतो आणि आतला फोम खाऊन टाकतो. वरचा रंग तसाच राहतो, झगझगीत, ओरखडाही नसलेला. आत पोकळी झाली आहे हे बघून कधीच कळत नाही.

उदयने माळ्यावरून अकरा टोकं आणि पंखांचे तीन संच काढून दिले. रेणुकाने लहान पेटीतून टॉर्चसारखं एक उपकरण काढलं आणि एका टोकावरून सावकाश फिरवायला सुरुवात केली.

"डोळ्यांचे डॉक्टर पडदा तपासतात ना, त्याचाच हा चुलतभाऊ. प्रकाश आत सोडायचा. प्रत्येक थराच्या सीमेवरून थोडा प्रकाश परत येतो. वरच्या थरावरून लवकर, खालच्यावरून उशिरा. तो उशीर मोजला की कुठला थर किती खोल ते कळतं, केसाच्या शंभराव्या भागापर्यंत."

"मग?"

"ब्रशचे केस ओल्या गोंदात बारीक चर पाडतात. शंखजिऱ्याच्या चकत्या त्या चरांत, ब्रश जसा गेला त्या दिशेने आडव्या पडतात आणि गोंद सुकला की तिथेच अडकतात. वरून घासलं, दुसरा हात दिला, रंग मारला, तरी खालचे चर तसेच. ब्रश कुठून निघाला, किती दाबला, कुठे थांबला, सगळं त्यात असतं. आणि काका, माणसाचा हात पूर्ण स्थिर कधीच नसतो. सेकंदाला आठ-दहा-बारा वेळा तो थरथरतो. आपल्याला दिसत नाही, पण चरात नागमोडी रेघ उमटते. ती प्रत्येकाची वेगळी असते, अक्षरासारखी."

उपकरणाला जोडलेल्या पडद्यावर हिरव्या रेघांचं जाळं उमटत होतं. उदय बघत राहिले. शर्मिलाचे किती फोटो त्यांच्याकडे होते, आवाजही होता फोनमध्ये. पण हे तिने मागे ठेवलंय याची त्यांना कल्पना नव्हती.

"हे सगळं वाचलं, की माझं यंत्र त्यांच्यासारखं लिंपायला शिकेल," रेणुका म्हणाली. "आमच्या यंत्राचा हात एकसारखा आहे, तिथेच घोडं अडतंय. फोम एकसारखा नसतो. काकूंना ते बोटांनी कळायचं."

*

मोठ्या पेटीत एक यांत्रिक हात होता, कोपर-मनगट असलेला, राखाडी. रेणुकाने तो शर्मिलाच्याच टेबलावर बसवला. "तुम्ही बघून सांगा कुठे चुकतंय. काकूंचा हात तुमच्याइतका कोणी बघितलेला नाही." ती रत्नागिरीत खोली घेऊन राहिली होती, रोज दहाच्या सुमारास यायची आणि दुपारी जायची. यंत्र मात्र टोकामागून टोक लिंपत राहायचं.

पहिले दोन दिवस ते नुसतं यंत्र होतं. तिसऱ्या दिवशी उदय स्वयंपाकघरात कुकर लावत होते आणि पडवीतून ब्रशचा आवाज आला. लांब फटका, आखूड, आखूड, पुन्हा लांब. त्यांच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. पंधरा वर्षं या आवाजावर त्यांनी जेवणं केली होती, पेपर वाचला होता, तिच्याशी भांडले होते. तो आवाज असा आहे, हे मात्र त्यांना आज कळलं.

ते दारात जाऊन उभे राहिले. हात टोकाच्या अणकुचीपर्यंत आला, ब्रश उचलला आणि थांबला. बराच वेळ थांबला. मग पुन्हा खालून सुरू झाला.

"ते थांबणं आम्हाला समजलेलं नाही," दुसऱ्या दिवशी रेणुका म्हणाली. "थरात दिसतं, की तिथली ओली कड जराशी सुकली आणि मग पुढचा फटका आला. प्रत्येक टोकाला, अकरा-बारा सेकंद. काढून टाकू का?"

"नको."

"का थांबायच्या, आठवतं?"

"खिडकीच्या उजेडाकडे धरून बघायची. भोक राहिलं असेल तर उजेडात काळं दिसतं."

यंत्राला डोळे नव्हते. ते भिंतीकडे तोंड करून अकरा सेकंद थांबायचं आणि त्या अकरा सेकंदांत उदयना पडवीत थांबवायचं नाही. ते बाहेर जाऊ लागले. नाक्यावर, समुद्राकडे, कुठेही. पण परत आले की फाटकातूनच कान पडवीकडे लागायचे, आणि आवाज येत नसला तर ते घाईने आत यायचे. एकदा त्यांनी चहा केला आणि दोन कप ओतले. दुसरा कप टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला, जिथे शर्मिला ठेवून घ्यायची. साय धरेपर्यंत तो तिथेच होता.

त्या आठवड्यात रेणुकाने सहज विचारलं, "काका, तुम्ही कधी ब्रश धरलात का? लिंपायला?"

"मी? छे. मी स्प्रेवाला माणूस."

"नाही, एका जुन्या पंखावर थोडासा दुसराच हात सापडला. आडवे फटके, घाईचे. कुणी मदतीला असेल."

"असेल," उदय म्हणाले. त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा उचलला आणि उगाच घडी घालत बसले.

*

सहा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत क्लबचं सगळ्यात मोठं रॉकेट उडणार होतं, माणसाहून उंच. शर्मिलाने त्याचे चार पंख कापले आणि दोन हात दिले. मग तिला भाचीच्या साखरपुड्याला चिपळूणला जावं लागलं. जाताना ती चारदा बजावून गेली, "अहो, तिसरा हात उद्या, चौथा परवा. मध्ये दिवस जाऊ द्या. आणि चिमटा जिथे धरलाय ती कड विसरू नका, चिमटा फिरवून तिथेही द्या."

तीन पंखांना त्यांनी तसंच केलं. चौथ्या पंखाच्या वेळी गॅरेजमधून फोन आला, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्यांनी आडवातिडवा एक पातळ हात मारला, चिमटा फिरवला नाही, आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्याला चौथा हात द्यायचं विसरले. त्या संध्याकाळी शर्मिलाचा फोन आला, "दिलेत का दोन्ही हात?" आणि ते म्हणाले, "दिले." खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. होकार तोंडातून गेला, एवढंच. पुढच्या सकाळी त्यांनी नारिंगी रंगाचा स्प्रे मारला. पंख आरशासारखे चमकत होते.

सड्यावर रॉकेट दोनशे फूट सरळ गेलं. मग एक पंख मोडला, रॉकेटने गिरकी घेतली आणि जळत्या इंजिनासकट ते माणसांकडे वळलं. क्लबचे नाचणकर सर मुलांना मागे ढकलत होते. ते त्यांच्या छातीवर आदळलं. हॉस्पिटलपर्यंत सर पोचले नाहीत.

पंखाचा मोडका तुकडा शर्मिलाने उचलला होता. चौकशी समितीकडे तिने तो दोन दिवसांनी दिला. "लिंपायचं काम सगळं माझं," तिने समितीपुढे सांगितलं. "यांचा त्याच्याशी संबंध नाही." उदय शेजारच्या खुर्चीत बसले होते. आता बोलू, आता बोलू असं म्हणेपर्यंत ती उठलीही होती. समितीने लिहिलं, की वाऱ्याचा वेग मर्यादेच्या जवळ होता आणि पंखाच्या लेपाबद्दल खात्रीने सांगता येत नाही. वारा रेणुकाने मोजला होता, लेप शर्मिलाचा होता. लोकांनी दोघींची नावं लक्षात ठेवली.

शर्मिलाने ब्रश धुऊन ठेवले, ते पुन्हा कधी भिजले नाहीत.

*

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी रेणुकाने पिशवीतून एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली. फडकं सोडायच्या आधीच उदयना ते काय आहे ते कळलं. कडेला नारिंगी रंग दिसत होता.

"समितीने सगळं क्लबला परत केलं. क्लब तर बंदच पडला होता, म्हणून मी घेऊन गेले. सहा वर्षं माझ्या कपाटात आहे."

उदयनी फडक्याचं टोक पुन्हा नारिंगी कडेवर ओढलं.

"काका, खरं सांगते. यंत्राचं काम आहेच, पण मी यासाठीही आलेय. मला फक्त एवढंच बघायचंय, की तो वारा होता की नाही. मी तीन वर्षं रॉकेटचं नाव काढलं नाही. अजून कुठे झाडाचं पान हललं की मी वेग मोजते." तिने तुकड्यावर हात ठेवला. "पण काकूंचा हात यात चुकलेला निघाला, तर? तुम्हाला नको असेल तर नको. मी हा इथेच ठेवून जाते. टाकून द्या, जाळा. मी कोणाला काही बोलणार नाही."

"नको," उदय म्हणाले. "आता कशाला?"

तिने मान हलवली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. तिला बहुतेक हेच उत्तर अपेक्षित होतं. तुकडा टेबलावर ठेवून ती गेली.

तीन दिवस तो तिथे पडून होता. शेजारी यंत्र काम करत होतं. उदयनी तुकडा एकदा चुलीपर्यंत नेला आणि परत आणला. एकदा घरामागच्या परड्यात खड्डा करायला कुदळ काढली. तिसऱ्या दिवशी दुपारी ते यंत्रासमोर बसले होते. हात टोकापाशी येऊन थांबला. त्यांनी वाकून जवळून पाहिलं. ब्रशचं टोक थरथरत होतं, अगदी बारीक, डोळ्यांवर ताण दिला तरच दिसेल इतकं. ताप आलेला असताना शेवटच्या दिवशी त्यांनी तिचा हात धरून ठेवला होता, तेव्हा असंच काहीतरी तळव्याला लागत होतं.

"शर्मिला," ते म्हणाले, "चौथ्या पंखाला मी एकच हात दिला होता."

अकरा सेकंद झाले. ब्रश खाली गेला आणि लांब फटका सुरू झाला.

जे आयुष्यात कधी तिला सांगता आलं नाही, ते त्यांनी एका लोखंडी दांड्याला सांगितलं होतं, आणि दांड्याने ते ऐकून घेऊन कामाला लागावं तसं केलं होतं. ती असती तर? ती काय म्हणाली असती? ते कितीतरी वेळ उत्तराची वाट बघत बसले. मग उठले, यंत्राचा प्लग काढला आणि रेणुकाला फोन लावला.

*

ती अर्ध्या तासात आली.

"वाच तो पंख," उदय म्हणाले. "पण आधी ऐक."

त्यांनी सांगितलं. साखरपुडा, चिमटा, गॅरेजचा फोन, "दिले" हा शब्द. समितीपुढची खुर्चीही सांगितली. सांगताना ते शर्मिलाच्या फोटोकडे बघत नव्हते, रेणुकाकडेही नाही. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं ती ओरडेल.

ती ओरडली नाही. तिने उपकरण उचललं, तुकड्यावरून फिरवलं, पडदा लावला. हातांना काम हवं होतं तिच्या.

"सहा वर्षं, काका," एवढंच ती मधे म्हणाली. "मी तुमच्या फाटकासमोरून कितीदा गेले असेन."

"माहीत आहे."

"तुम्ही बघायचात?"

"बघायचो."

पडद्यावर थर उमटले. शर्मिलाचा हात हिरवा, उदयचा पिवळा. तळाला दोन सलग हिरवे थर. त्यावर एक फिकट, तुटक पिवळा. कडेला बोटभर रुंदीची पट्टी सोडून तो संपला होता. मग रंग. आणि पट्टीच्या खाली, जिथे फोम हवा होता, तिथे काळी पोकळी, पंखाच्या निम्म्यापर्यंत गेलेली.

"वारा नव्हता," रेणुका म्हणाली. तिने ते दुसऱ्या कोणाला समजावून सांगावं तसं सावकाश म्हटलं, आणि तोंड ओंजळीत झाकलं. उदय पाणी आणायला उठले. ते परत आले तेव्हा ती पडद्याकडे कपाळाला आठ्या घालून बघत होती.

"काका, हे काय आहे? रंगाच्याही वर एक थर आहे. हिरवा."

"तुकडा समितीकडे देताना तिने एक हात दिला होता. भुगा पडत होता म्हणाली. टिकावा म्हणून."

"हो, अहवालात आहे ते. पण बघा ना. सगळ्या तुकड्यावर काकूंचा ब्रश एकदा फिरलाय. आणि या कडेवर तीनदा." तिने बोट ठेवलं. "नेमका जिथे तुमचा हात संपतो तिथून सुरू. तुमची सुटलेली पट्टी आहे तेवढीच, ना जास्त ना कमी. पोकळीचं तोंडही त्यांनी लिंपून घेतलंय. आणि हात बघा कसा थरथरतोय. एवढा त्यांच्या दुसऱ्या कुठल्याच कामात नाही."

उदय खाली बसले.

शर्मिलाला कळलं होतं. तुकडा हातात घेतल्या घेतल्याच कळलं असणार. गॅरेजवाल्याचे आडवे फटके ओळखायला तिला कुठलं उपकरण लागणार होतं? मोडलेली कड तिने उजेडात धरून पाहिली असणार, आणि मग ब्रश काढला असणार. समितीला दिसू नये म्हणून. ज्या बाईने पंधरा वर्षं भोकं शोधली, तिचा शेवटचा हात हा.

आणि त्यानंतर तीन वर्षं ती या घरात त्यांच्यासमोर वावरली होती. भात वाढला, कपडे वाळत घातले, त्यांच्या पाठीला तेल लावलं. एकदा, कधीतरी पावसात, ती कुळथाची पिठी ढवळता ढवळता थांबून म्हणाली होती, "तुम्हाला मला काही सांगायचंय का हो?" ते म्हणाले होते, "नाही, काय सांगायचं?" तिने पुन्हा पिठी ढवळायला घेतली होती.

त्यांना आता त्या घरात कुठे बघावं ते कळेना.

*

रेणुका दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती यंत्र न्यायला. तिने जुन्या समितीच्या प्रमुखांना सगळं कळवणारं पत्र लिहून आणलं होतं. उदयनी त्याखाली स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून सही केली. ती त्यांच्याशी नीट बोलत होती, पण पूर्वीसारखं नाही, आणि ते पुन्हा पूर्वीसारखं होईल असं त्यांना वाटलंही नाही.

"काकूंचा हात कंपनी वापरेल," पेटी बंद करताना ती म्हणाली. "देशभर. तुमची हरकत असेल तर आत्ता सांगा."

"वापरा. चांगलं काम होतं तिचं." मग ते जरा थांबले. "फक्त तो शेवटचा नको. रंगावरचा. तो यंत्राला शिकवू नकोस."

"नाही शिकवणार."

पेटी गाडीत ठेवून झाली. रेणुका दार उघडून उभी होती, पण बसली नाही.

"मी सरांच्या घरी, नाचणकरबाईंकडे चाललेय. त्यांना पत्राने कळू नये. तुम्ही येणार?"

उदयनी सदरा बदलला आणि ते गाडीत बसले.

*

नाचणकरबाई अंगणात सूप घेऊन कुळीथ पाखडत बसल्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्याला त्यांना दोन वर्षं झाली होती. रेणुकाला त्यांनी ओळखलं आणि हसल्या. उदयना ओळखलं नाही.

"मी उदय कोतवडेकर. शर्मिलाचा नवरा."

बाईंनी सूप खाली ठेवलं.

उदयनी उभ्यानेच सांगितलं. थोडक्यात, घाईघाईने. पंख मी लिंपला होता, अर्धवट लिंपला होता, खोटं बोललो होतो. शर्मिलाची काही चूक नव्हती, या मुलीचीही नव्हती.

बाई म्हणाल्या, "त्या यायच्या."

"कोण?"

"तुमची मंडळी. सरांच्या तिथीला. तीनदा आल्या. दुपारच्या गाडीने यायच्या, जरा वेळ बसायच्या, निघून जायच्या. मी पहिल्या वर्षी दारातच उभं ठेवलं त्यांना. शेवटच्या वेळी विचारलं, की बाई, खरं सांगा, चूक तुमची होती का? तर म्हणाल्या, आमच्या घरातली होती. ज्याची आहे तो एक दिवस येऊन सांगेल. तोपर्यंत मी येत जाईन." त्यांनी पदराने हात पुसले. "पुढच्या वर्षी आल्या नाहीत. मला वाटलं, कंटाळल्या."

"ती गेली," उदय म्हणाले. "त्याच पावसात."

बाईंनी डोळे मिटले. अंगणात कोंबड्या सांडलेले कुळीथ टिपत होत्या, त्यांना कोणी हाकललं नाही. रेणुका ओटीच्या पायरीवर बसली होती, गुडघ्यांवर हात घट्ट धरून.

मग बाई उठल्या. ओटीवरून एक पाट आणला आणि उदयसमोर ठेवला.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणि असं घाईने नको. सावकाश सांगा, अगदी पहिल्यापासून. तो फोम कसला असतो, त्याला काय लावतात, ते आत पोकळ कसं झालं, सगळं. माझा माणूस नेमका कशाने गेला ते मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही."

उदय कोतवडेकर पाटावर बसले. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि सांगायला सुरुवात केली, "फोम म्हणजे नुसते बुडबुडे असतात, बाई."